पहिला घोट

फार फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते मला विचारू नका. नदीला आजचं नाव पडलं नव्हतं, एवढं मात्र नक्की.

त्या नदीकाठच्या नगरीत तांबटांची एक आळी होती. सकाळी ऊन अंगणात आलं की ठोके सुरू व्हायचे, ते पार दिवेलागणीपर्यंत. ठण् ठण् ठण्! पाहुणा आला की पहिले दोन दिवस कानांत बोटं घालून बसायचा. आळीतली पोरं मात्र त्या आवाजात गाढ झोपायची आणि आवाज थांबला की दचकून उठायची.

या आळीची एक रीत होती. ती नीट ऐका, कारण सगळी गोष्ट तिच्यापाशीच अडली आणि तिच्यापाशीच सुटली. आळीतलं कुठलंही भांडं, घागर असो, तांब्या असो, नाहीतर राजाच्या घरचा हंडा असो, तयार झालं की घडवणारा ते पाण्याने भरायचा आणि चार माणसांदेखत त्यातलं पाणी आधी स्वतः प्यायचा. याला म्हणायचे पहिला घोट. भांडं गळतंय का, त्याला कसला वास येतोय का, काही बरंवाईट असेल तर ते आधी घडवणाऱ्याच्या पोटात जाऊ दे, मग दुसऱ्याच्या. पहिला घोट घेतल्याशिवाय आळीच्या वेशीबाहेर कधी वाटीसुद्धा गेली नव्हती.

आळीत एक तांबट होता. कारागीर म्हणाल तर असा की त्याने मठारलेल्या घागरीत लोक आपला चेहरा बघून पागोटं नीट करायचे. मठारणं म्हणजे भांड्यावर हातोडीचे बारीक ठोके अगदी शेजारी शेजारी देत जाणं. प्रत्येकाचा ठोका वेगळा पडतो, आणि आळीतली म्हातारी माणसं नुसतं बोट फिरवून सांगायची की हे काम कुणाच्या हातचं.

या तांबटाची बायको बाळंतपणात तापाने गेली. मागे राहिली दहा दिवसांची मुलगी, ठकू. तिला वाढवायला तांबटाची बहीण घरी आली. तांबट मात्र त्या दिवसापासून कुणाशी धड बोलेना. त्याच्या मनाने एकच घेतलं होतं. पिचलेली घागर मी सांधतो, पोचा आलेला हंडा सरळ करतो, आणि माझं माणूस माझ्या डोळ्यांदेखत गेलं तेव्हा मला काहीच करता आलं नाही? मग माझी विद्या काय कामाची? आता मी असं माणूस घडवीन की ज्याला मरण नाही.

आणि तो कामाला लागला हो! सहा वर्षं खपला. झोपलेल्या वासराच्या छातीला कान लावून ठोके मोजले. पिंपळाच्या पानाच्या शिरा उन्हात धरून पाहिल्या आणि तशाच तारा ओढल्या. वैद्यांच्या पोथ्या वाचल्या, नदीपलीकडच्या आरसे करणाऱ्यांकडे जाऊन ऊन एका जागी गोळा कसं करायचं ते शिकला. घरामागच्या परड्यातल्या छपरीत तांब्याचा एक पुरुष उभा राहू लागला, तांबटापेक्षा हातभर उंच. छातीत काळीज म्हणून काय बसवलं असेल? बायकोचं फुलपात्र! लग्नाच्या वेळी त्याने तिच्यासाठी घडवलेलं, तिच्यासमोर त्यातला पहिला घोट घेतलेलं, एवढंसं फुलपात्र.

बहीण म्हणायची, “दादा, अरे त्या पत्र्याला काय कुरवाळत बसलायस? पोर तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसते.”

“झालंच आता,” तांबट म्हणायचा. ते ‘झालंच आता’ सहा वर्षं चाललं.

चैत्रातल्या एका दुपारी, सूर्य बरोबर डोक्यावर असताना, त्याने छपरीचं छत बाजूला केलं आणि सात आरसे फिरवून सगळं ऊन त्या तांब्याच्या छातीवर आणलं.

आधी काहीच झालं नाही. मग छातीच्या आतून एक आवाज निघाला. रिकाम्या घागरीला कान लावला की कसा घुमतो, तसा. तो वाढत गेला. आळीतले सगळे हातोडे एकेक करून थांबले, कारण प्रत्येकाच्या हातातलं भांडं त्याच सुरात गुणगुणू लागलं होतं! ताटं, वाट्या, पाण्याचे हंडे, देवघरातली पळी, तांब्याची प्रत्येक वस्तू त्या एका आवाजाला ओ देत होती. कुणाला काही कळेना. बायका दारात येऊन हात जोडून उभ्या राहिल्या. कबुतरंसुद्धा उडायची विसरली.

आणि छपरीत त्या पुरुषाने डोळे उघडले.

तांबटाने ते डोळे स्वतः घडवले होते. बुबुळं घासली होती, पापण्यांच्या कडा कानशीने गोल केल्या होत्या. सहा वर्षं तो त्या डोळ्यांकडे बघत आला होता. पण एक दिवस ते आपल्याकडे बघतील, हे त्याच्या कधी मनातच आलं नव्हतं.

पुरुषाने त्याच्याकडे बघितलं. मग हळूच आपले दोन्ही हात जवळ आणले आणि त्याच्यापुढे केले.

तांबटाला वाटलं, हा आता माझा गळा धरणार! आरसे उलथेपालथे करत तो जो पळाला तो थेट शेतापलीकडच्या टेकडीवर जाऊन थांबला. दिवस कलल्यावर जीव मुठीत धरून परत आला तर छपरी रिकामी. परड्याचं दार उघडं. तांबट मटकन खाली बसला आणि म्हणाला, “सुटलो बुवा!”

शहाणा माणूस, पण काय बोलला बघा. आळीची वस्तू त्या दिवशी पहिल्यांदाच पहिल्या घोटावाचून वेशीबाहेर गेली होती, आणि हा म्हणतो सुटलो.

पुढे महिनाभर नगरीत नाना गोष्टी कानावर येऊ लागल्या. कुणी म्हणे, नदीकाठी तांब्याचं भूत हिंडतं. कुणी म्हणे, फुटलेला बांध कुणीतरी रातोरात सांधून गेलं. एका एकट्या म्हातारीच्या दारात रोज लाकडाची मोळी पडू लागली. तरी त्याला बघितलं की लोक दगड मारायचे. दगड अंगावर बसला की देवळातल्या घंटेसारखा आवाज व्हायचा, आणि लोक आणखी घाबरून आणखी दगड मारायचे. चावडीवर हा विषय निघाला की तांबट मान खाली घालायचा. कुणी विचारलंच तर म्हणायचा, “मला बाबा काही ठाऊक नाही.”

आणि वैशाखातल्या एका दुपारी ठकू नदीवरून आली ती पोट धरूनच. अंगणातच भडाभडा ओकली. ओठ हिरवट पडले, हातपाय गार. आत्याने एकच हंबरडा फोडला.

वैद्यबुवा आले. जीभ बघितली, ओकारीचा वास घेतला आणि तांबटाकडे वळून म्हणाले, “कळकलेलं ताक! तांब्यात आंबट ठेवलं की त्याचं विष होतं, हे तांबटाच्या घरात मी सांगायचं? कल्हई न केलेल्या भांड्यात ताक ठेवलंत तरी कुणी?”

“आमच्या घरी? शक्य नाही!” आत्या म्हणाली.

ठकू हळूच म्हणाली, “भांड्यात नव्हतं. हातात होतं.”

“कुणाच्या हातात, ठके?” तांबटाने विचारलं.

“घुमादादाच्या. नदीवरच्या. तो बोलायच्या आधी घुमतो ना, म्हणून मी त्याचं नाव घुमा ठेवलंय. मी रोज त्याच्या ओंजळीतून पाणी पिते. आज एका गवळणीची म्हैस त्याने चिखलातून काढली, तर तिने त्याच्या ओंजळीत ताक घातलं आणि पळून गेली. मला ताक आवडतं ना, म्हणून सकाळपासून तो ओंजळ धरून बसला होता. एक थेंब सांडू दिला नाही. आबा, त्याला नका रागावू.”

तांबटाने ओळखलं, हा घुमा म्हणजे आपलाच तांब्याचा पुरुष. वैद्यबुवा उठता उठता म्हणाले, “औषध दिलंय. पण ती काही पोटात ठरू देत नाही. उद्या सूर्य मावळायच्या आत घोटभर पाणी पोटात राहिलं तर पोर आपली. नाही राहिलं तर माझ्या हातात काही नाही.”

बातमी नगरभर पसरली. सकाळी शंभर माणसं दोर घेऊन नदीवर गेली. घुमा पळाला नाही, झगडला नाही. त्याला फक्त एवढंच विचारायचं होतं, “ठकू कशी आहे?” कुणी उत्तर दिलं नाही. दोर बांधून त्याला आळीच्या चौकात आणलं. तिथे मोठी भट्टी पेटली होती, चार भाते चालले होते आणि खुद्द राजा येऊन बसला होता.

राजा म्हणाला, “याला मोडीत घाला. पण आळीची रीत मला ठाऊक आहे. घडवणाऱ्याला विचारल्याशिवाय वस्तू मोडायची नाही. हे काम कुणाच्या हातचं?”

आळीतले सर्वांत थोरले तांबट पुढे झाले. त्यांनी घुमाच्या दंडावरून बोट फिरवलं आणि बोट तिथेच थांबलं. ठोका त्यांनी ओळखला होता. त्यांनी मान वळवून आपल्या तांबटाकडे नुसतं बघितलं. बोलले काही नाहीत. ते ज्याचं त्याने बोलायचं असतं.

तांबट मनात म्हणाला, घरात पोर तडफडतेय आणि ती ज्याच्यामुळे तडफडतेय तो इथे उभा आहे. वितळू दे! एकदाचा वितळू दे, म्हणजे कुणाला कळायचं नाही, कुणी विचारायचं नाही. त्याने ओठ घट्ट मिटले.

राजाने तीनदा विचारलं. तीनदा चौक गप्प राहिला. “बेवारशी आहे तर,” राजा म्हणाला. “घाला.”

लोकांनी घुमाचा उजवा हात धरून भट्टीच्या तोंडात घातला. तांबं आधी लाल झालं, मग पिवळं, मग बोटं टपटप गळू लागली. घुमाने हात ओढून घेतला नाही. त्याच्या छातीतून तोच आवाज निघाला, चैत्रातल्या दुपारचा. आळीतली सगळी भांडी पुन्हा गुणगुणू लागली, पण या वेळी लोकांनी कानांवर हात घेतले. मग तो बोलला. गर्दीत त्याला एकच माणूस दिसत होता.

“मला एकच विचारायचं आहे,” तो तांबटाला म्हणाला. “माझ्या छातीत एक फुलपात्र आहे. त्याला तुमच्या पहिल्या घोटाची आठवण आहे. डोळे उघडल्यावर मला दुसरं काहीच येत नव्हतं, तेवढं एक माहीत होतं. म्हणून मी ओंजळ पुढे केली. तुम्ही पळून गेलात. मला वाटलं, माझ्यात विष असणार. मग ठकू माझ्या ओंजळीतून पाणी प्यायली आणि तिला काही झालं नाही. मला वाटलं, नाही, मी चांगला आहे. काल तिला आवडतं म्हणून ताक धरून ठेवलं. पाणी चालतं आणि ताक चालत नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं. मला कुणी सांगायचं होतं?”

एवढंच. ना शाप, ना शिवी. तांबटाला वाटलं, याने माझा गळा धरला असता तर बरं झालं असतं.

“थांबा!” तो ओरडला. “थांबा रे! ते माझं आहे! माझ्या हातचं आहे!”

गर्दी फोडत तो धावला. पाणी नाही, फडकं नाही, तसाच भट्टीच्या तोंडात डावा हात घालून त्याने तो तापलेला दंड बाहेर खेचला. कातडीचा चर्र आवाज सगळ्यांनी ऐकला. घुमाच्या उजव्या मनगटापुढे आता काहीच उरलं नव्हतं.

“घडवणारा मी, महाराज,” तांबट म्हणाला. त्याला धाप लागली होती. “विष त्याचं नाही, माझं आहे. ज्याला जन्म दिला त्याला दोन शब्द शिकवायच्या आधी मी पळालो. काय शिक्षा द्यायची ती मला द्या. पण आधी माझं एक राहिलेलं काम करू द्या.”

त्याने पाण्याची घागर मागवली. थोरल्या तांबटांनी ती स्वतः उचलून आणली. घुमाने आपला उरलेला डावा हात पुढे केला. पण एका हाताची कुठे ओंजळ होते? पाणी ओतलं तसं वाहून गेलं. घुमा त्या रिकाम्या तळव्याकडे बघत राहिला. तेव्हा तांबट त्याच्या उजव्या अंगाला जाऊन खांद्याला खांदा लावून उभा राहिला आणि त्याने आपला उजवा हात त्या तांब्याच्या हाताला भिडवला. करंगळीला करंगळी लागली. एक तळवा तांब्याचा, एक माणसाचा, आणि त्यात पाणी ठरलं!

भरचौकात, राजादेखत, तांबटाने मान वाकवून त्यातला पहिला घोट घेतला.

त्या क्षणी आळीत कसा आवाज उठला म्हणता! कुणी हातोडी उचललेली नव्हती, पण तांब्याचं जे जे काही त्या नगरीत होतं ते सगळं एका सुरात वाजलं. राजा कधी उठून उभा राहिला ते त्याचं त्यालाही कळलं नाही. ज्यांच्या हातांत दगड होते त्यांनी ते हळूच खाली ठेवले आणि कुणी बघितलं तर नाही ना म्हणून इकडेतिकडे पाहिलं.

“तुझी शिक्षा ही,” राजा म्हणाला. “याने आजपासून जे बरंवाईट केलं त्याचा जाब तुला विचारला जाईल. शेवटच्या श्वासापर्यंत.”

“हे तर मी त्या दुपारीच कबूल करायला हवं होतं, महाराज,” तांबट म्हणाला.

सूर्य कलायला लागला होता. दोघं घराकडे धावले. ठकू डोळे मिटून पडली होती. आत्याने पेला पुढे केला की ती तोंड फिरवायची. घुमा दारात वाकून आत आला तशी आत्या भिंतीला टेकली. पण तिने भावाचा भाजलेला हात बघितला, घुमाचा थोटा हात बघितला, आणि काही न विचारता घागर पुढे सरकवली.

तांबटाने आणि घुमाने हाताला हात लावला. पहिला घोट तांबटाने घेतला. मग ओंजळ ठकूच्या ओठांशी नेली.

“ठके,” तांबट म्हणाला, “बघ, मी आधी प्यायलोय.”

ठकूने डोळे किलकिले केले. एक घोट घेतला. सूर्य डोंगराआड गेला, आणि पाणी पोटात ठरलं. मग तिने आणखी एक घोट मागितला. आत्या पदर तोंडाशी धरून रडायला लागली आणि रडता रडताच घुमाला म्हणाली, “बस ना रे, असा उभा काय!”

दुसऱ्या दिवशी तांबटाने घुमाला पहिला धडा दिला. तळहात शेकून त्यावर नवसागर टाकला, कथील फिरवलं आणि कापसाने पुसून झकास कल्हई केली. “आता आंबट धरलंस तरी चालेल,” तो म्हणाला. “पण कल्हई झिजली की मला सांगायचं. लपवायचं नाही.”

“तुम्हाला हाक काय मारू?” घुमाने विचारलं. “ठकू आबा म्हणते.”

“मग तूही आबाच म्हण,” तांबट म्हणाला आणि उगाच नवसागराच्या धुराला दोष देत डोळे पुसू लागला. “उजवा हातही घडवून देतो तुला, पहिल्यापेक्षा सुरेख.”

घुमा बराच वेळ घुमला. मग म्हणाला, “नको, आबा. तिथे तुमचा हात असू दे.”

तांबटाचा डावा हात पुढे कधीच पुरता उघडला नाही. पण भांडी थांबली नाहीत. घुमा डाव्या हाताने धरायचा, तांबट उजव्या हाताने ठोकायचा. आणि पावसाळा सरून ठकू अंगणात उड्या मारायला लागली तेव्हा एका दुपारी तिने ताक मागितलं, तेही ओंजळीतूनच! दोघांनी हाताला हात लावून ओंजळ केली. तांबटाने आधी स्वतः घोट घेतला, मग तिला दिलं. ओठांवर पांढरी मिशी घेऊन ती म्हणाली, “अजून!”

बाळांनो, आणि बाळांच्या शहाण्या आईबापांनो, तात्पर्य एवढंच: घडवता आलं म्हणजे अर्धंच काम झालं, जे घडवलं त्याला चारचौघांत आपलं म्हणावं आणि त्याचा पहिला घोट आपण घ्यावा, तेव्हाच ते पुरं होतं.